तुम्ही विचारलंत म्हणून: चिप एवढीशी, मग टॅग एवढा मोठा का?

आरएफआयडी टॅगचे, म्हणजे रेडिओ लहरींनी वस्तूची ओळख दुरून वाचू देणाऱ्या लेबलांचे, अँटेना आखणे आणि ते कारखान्यातील रिळांवर लाखोंच्या संख्येने एकसारखे उतरवून घेणे हे माझे काम आहे, असे कळल्यावर मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो. विचारणाऱ्याने कपड्याचा किंवा खोक्यावरचा एखादा टॅग उजेडासमोर धरून पाहिलेला असतो. मध्यभागी एक काळा ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या नागमोडी चंदेरी पट्ट्या त्याला दिसलेल्या असतात. ‘चिप एवढीशी आहे, तर टॅग एवढा लांब कशाला? तो अजून लहान का करत नाही?’ असे तो विचारतो. प्रश्न अगदी रास्त आहे, परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे: चिप म्हणजेच टॅग, आणि बाकीचे सारे तिचे वेष्टन. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. टॅग किती लांबून वाचला जाईल हे मुख्यतः त्या चंदेरी पट्ट्या ठरवतात, आणि त्यांची लांबी ही त्या अंतराची किंमत असते.

हे समजण्यासाठी टॅग बोलतो कसा, ते आधी पाहावे लागते. या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडर, म्हणजे टॅग वाचणारे यंत्र, जी रेडिओ लहर सोडतो, तिच्यातूनच टॅगला आपली वीज मिळवावी लागते, आणि तिच्याचवर स्वार होऊन उत्तरही द्यावे लागते. अमेरिकेतील नियम अशा रीडरला अँटेनाच्या दिशेने ४ वॉटपर्यंतची परिणामी शक्ती वापरू देतात. तेवढी पूर्ण वापरली तरी मोकळ्या हवेत १० मीटरवर असलेल्या, उत्तम जुळवलेल्या अँटेनाच्या हाती जेमतेम ४५ मायक्रोवॉट लागतात, म्हणजे मूळ शक्तीचा सुमारे एक लाखावा भाग. एवढ्यावर चिप जागी होते, आपली ओळख आठवते आणि अँटेनाच्या टोकांवरील भार (लोड) बदलत राहते. भार बदलला की अँटेनावरून परत उसळणारी लहर कमीजास्त होते, आणि रीडर तेवढाच चढउतार वाचतो. दूरच्या माणसाला आरशाने उन्हाचा कवडसा दाखवून खुणावावे, तसेच हे आहे. ऊन आपले नसते, आपण फक्त आरसा हलवतो. परावर्तित शक्तीने संदेश देण्याची ही कल्पना अभियंते हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये एका शोधनिबंधात मांडली होती. तिला खिशाला परवडणारे रूप येण्यासाठी मात्र स्वस्त चिप निघेपर्यंत वाट पाहावी लागली.

आता लांबीकडे येऊ. खोक्यांवर आणि कपड्यांवर वापरले जाणारे टॅग ८६० ते ९६० मेगाहर्ट्झ या वारंवारता-पट्ट्यात चालतात. ९१५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, आणि ती लहर सहजपणे पकडणारा सरळ अँटेना तिच्या निम्म्या लांबीचा, म्हणजे साधारण १६ सेंटिमीटरचा असतो. एवढा लांब टॅग कोणालाच नको असतो, म्हणून आम्ही ती पट्टी नागमोडी वळवतो, टोकांना रुंद पाय देतो, आणि तो ९-१० सेंटिमीटरमध्ये बसवतो. इथपर्यंत फारसे काही गमवावे लागत नाही. त्याखाली गेल्यावर हिशेब झपाट्याने बिघडू लागतो. आखूड अँटेनाचा प्रारण-रोध, म्हणजे लहरीशी देवाणघेवाण करण्याची त्याची क्षमता, लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. लांबी निम्मी केली की तो एक चतुर्थांशावर येतो. धातूचा स्वतःचा रोध मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. उलट वळणे वाढवली तर तो वाढतोच. परिणामी पकडलेल्या शक्तीतला मोठा वाटा चिपपर्यंत पोहोचण्याआधीच पट्टीत उष्णता होऊन संपतो.

दुसरी अडचण याहून चिवट आहे. अँटेना जितका लहान, तितका तो एकाच वारंवारतेला घट्ट धरून बसतो आणि तिच्या आजूबाजूला बहिरा होतो. ही मर्यादा अभियंते एल. जे. चू यांनी, योगायोगाने त्याच १९४८ मध्ये, गणिताने सिद्ध केली. ती कारागिरीने ओलांडता येत नाही, कारण ती कोणत्याही विशिष्ट आकृतीबद्दल नाही, तर अँटेना ज्या गोलात मावतो त्या गोलाच्या आकाराबद्दल आहे. क्रांतिकारक लहान अँटेना शोधल्याचे दावे अधूनमधून वाचनात येतात. त्यात वारंवारतेची रुंदी किती आणि कार्यक्षमता किती हे दोन्ही आकडे दिलेले नसतील, तर मी पुढे वाचत नाही.

चिप लहान केल्याने यातले काहीच बदलत नाही. हिताची कंपनीने २००७ मध्ये ०.०५ मिलिमीटर बाजूची, भुकटीसारखी वाटावी अशी बारीक चिप दाखवली होती, आणि तिच्या बातम्यांवरून लोकांना वाटले की आता टॅग अदृश्य होणार. काही अंतरावरून वाचायची तर त्या कणालाही बाहेरून अँटेना जोडावा लागणारच होता. प्रत्यक्षात टॅग लहान झाले ते दुसऱ्या कारणाने. चिपची भूक कमी झाली. अशा टॅगच्या सुरुवातीच्या काळातील चिपना जागे होण्यासाठी दहांच्या पटीत मायक्रोवॉट लागत. आजच्या चांगल्या चिपना पाच ते दहा पुरतात. पूर्वी मोठ्या अँटेनाने जे अंतर मिळत होते, ते आता कमी पकडणाऱ्या लहान अँटेनानेही मिळते, म्हणून कपड्यांचे टॅग चार-पाच सेंटिमीटरवर येऊ शकले. चिपचे क्षेत्रफळ घटले त्याने ती स्वस्त झाली, कारण एका वेफरमधून, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीतून, अधिक चिप निघतात. पण लेबलाच्या आकाराशी त्याचा संबंध नाही.

त्या विचित्र नक्षीबद्दलही विचारले जाते, आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. टॅगच्या मध्यभागी, चिपच्या जवळ, एक बंद चौकोनी वेढा दिसतो. तो शोभेचा नसतो. रेडिओच्या जगात बहुतेक उपकरणे ५० ओहमच्या संकेतावर बांधलेली असतात, परंतु टॅगची चिप हा संकेत पाळत नाही. तिच्या आत डायोडसारखे काम करणारे घटक आणि धारक (कपॅसिटर) असतात, त्यामुळे अँटेनाच्या बाजूने पाहिले तर ती साधारण १५ ओहमच्या रोधासह १५० ओहम किंवा त्याहून अधिक धारकीय रिअॅक्टन्स (वीज साठवून परत देण्यातून येणारा अडसर) असलेली दिसते. अँटेनाने तिला जास्तीत जास्त शक्ती द्यायची तर त्याचा रोध तेवढाच आणि प्रेरकीय (वेटोळ्यामुळे येणारा) रिअॅक्टन्स नेमका तेवढाच, पण उलट चिन्हाचा असावा लागतो. ती प्रेरकता पुरवतो तो हा वेढा. त्याची लांबी-रुंदी मिलिमीटरच्या अंशाने बदलली तरी टॅगची पसंतीची वारंवारता सरकते. याच वेढ्याने चिपची दोन टोके एकदिश विजेसाठी जोडली जातात, त्यामुळे रीळ भराभर उलगडताना साचणाऱ्या स्थिर विजेपासून चिपला बरेचसे संरक्षणही आयते मिळते.

हे सगळे संगणकावरील अनुकरणात सुरेख जुळते आणि मग टॅग कशावर तरी चिकटवला जातो. टॅग हवेत कधीच राहत नाही, हे नवे आरेखक फार उशिरा मनावर घेतात. पुठ्ठा, प्लास्टिक, काच हे सारे पदार्थ लहरीला कमीअधिक मंद करतात आणि टॅगची वारंवारता खाली ओढतात. काच पुठ्ठ्यापेक्षा कितीतरी अधिक ओढते. म्हणून आम्ही टॅग मुद्दाम हवेत वरच्या वारंवारतेला जुळवतो, जेणेकरून चिकटवल्यावर तो जागेवर येईल. मात्र तोच टॅग पुठ्ठ्यावरही लागणार आणि बाटलीवरही लागणार असेल, शिवाय ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा युरोपीय पट्टा आणि ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा अमेरिकी पट्टा या दोन्हींत चालायचा असेल, तर त्याला रुंद वारंवारता-पट्टा हवा, आणि चू यांची मर्यादा पुन्हा दारात उभी राहते. रुंदी हवी तर आकार द्या. ‘लहानही हवा, सगळीकडे चिकटायलाही हवा’ ही मागणी म्हणूनच इतकी महाग पडते.

पाणी लहर शोषते आणि धातू तिला उलटवतो. धातूच्या पृष्ठभागाला समांतर असे विद्युतक्षेत्र त्या पृष्ठभागावर टिकू शकत नाही, त्यामुळे पत्र्यावर थेट चिकटवलेला साधा टॅग अक्षरशः मुका होतो. उपाय म्हणजे टॅग आणि पत्रा यांच्यामध्ये फोम, प्लास्टिक किंवा सिरॅमिकचा थर घालणे आणि पत्र्यालाच अँटेनाचा भाग करून घेणे. असे टॅग चांगले चालतात, पण ते जाड होतात आणि त्यांची किंमत साध्या लेबलाच्या कित्येक पट होते.

कारखान्यातील भाग बाहेरून सोपा वाटतो. प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर अॅल्युमिनियमची फॉइल चिकटवलेली असते. तिच्यावर नक्षी छापून उरलेला धातू आम्लाने खाऊन टाकतात, किंवा साच्याने वा लेझरने कापून काढतात. फॉइल सुमारे १० मायक्रॉन जाड घेतली तरी पुरते, कारण ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास विद्युतप्रवाह अॅल्युमिनियमच्या वरच्या तीनएक मायक्रॉनमध्येच एकवटतो आणि खोलवरचा धातू जवळजवळ रिकामाच राहतो. चांदीच्या शाईने थेट छापलेला अँटेना हा मोहात पाडणारा पर्याय आहे, परंतु शाईतील कण एकमेकांना नुसते टेकलेले असल्यामुळे तिची वाहकता घन धातूच्या कितीतरी खाली राहते, आणि आखूड अँटेनाला रोध मुळीच परवडत नाही, हे वर आलेच आहे.

त्यानंतर चिप बसवणे. वेफरवरून उचललेली चिप उलटी करून, तिचे सोन्याचे उंचवटे खाली येतील अशा रीतीने, वाहक कण मिसळलेल्या चिकट लेपावर ठेवतात आणि वरून-खालून तापलेल्या ठोकळ्यांनी काही सेकंद दाबतात. लेप घट्ट होताना कण उंचवटा आणि फॉइल यांच्यामध्ये चिरडले जातात, आणि वीज फक्त उभ्या दिशेने जाते. दाब कमी पडला तर जोड वाकताच सुटतो. दाब जास्त झाला तर चिप फॉइलच्या अधिक जवळ जाते आणि दोन्हींमधील धारकता वाढते. चिपची मूळ धारकताच मुळी एक पिकोफॅरडच्या आसपास असते. तीत एक दशांशाची भर पडली तरी टॅगची वारंवारता सुमारे पाच टक्क्यांनी, म्हणजे ४५ मेगाहर्ट्झने, खाली सरकते. युरोपीय आणि अमेरिकी पट्ट्यांच्या मध्यांमधील अंतर जवळजवळ तेवढेच आहे. त्यामुळे लहान, अरुंद पट्ट्याच्या अँटेनासाठी यंत्राच्या दाबातील जी चूक घातक ठरते, तीच मोठा अँटेना पचवून टाकतो. टॅग थोडा मोठा ठेवा असा माझा आग्रह असतो तेव्हा त्यामागे भौतिकशास्त्राइतकेच हे यंत्रही असते. तयार इनले, म्हणजे चिप बसवलेले अँटेना, रिळावरूनच एकेक करून तपासले जातात आणि सदोष इनलेवर काळी खूण केली जाते. अरुंद आरेखनात या खुणा लगेच वाढतात.

मोबाईलला टेकवून वाचायच्या टॅगची गोष्ट वेगळी आहे. ते १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात, जिथे लहर सुमारे २२ मीटर लांब असते आणि अर्ध्या लांबीच्या अँटेनाचा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र जोडले जाते, रोहित्रातल्या दोन वेटोळ्यांमध्ये जोडले जाते त्याच तत्त्वाने. ते क्षेत्र जवळच ओसरते, म्हणून वाचन काही सेंटिमीटरवर होते. मोठे वेटोळे घेतले तर मीटरभरापर्यंत. आणि प्रवाह या वारंवारतेला अधिक खोल शिरत असल्याने फॉइलही जाड लागते.

नखाएवढे टॅग मिळतच नाहीत असे मात्र नाही. शस्त्रक्रियेच्या अवजारांवर बसवायचे सिरॅमिकचे टॅग काही मिलिमीटरांचे असतात. अवजाराचा धातूच त्यांचा अँटेना होतो, आणि जवळून वाचायचे असल्यामुळे ते पुरेसे ठरतात. नुसता वेढा ठेवून बाहेरच्या पट्ट्या काढून टाकल्या, तर उरणारा टॅगही काही सेंटिमीटरवरून व्यवस्थित वाचता येतो. त्यामुळे ‘लहान करता येईल का’ असे कोणी विचारले की मी प्रथम वाचनाचे अंतर विचारते, आणि मग ज्या वस्तूवर टॅग लागणार ती वस्तू मागवते: भरलेली, बंद केलेली आणि प्रत्यक्षात जशी रचली जाते तशीच रचलेली. रिकामी बाटली पाठवणारे पुष्कळ असतात. तिच्यावर जुळवलेला टॅग बाटली भरल्यावर वाचला जात नाही, आणि मग सगळे आरेखन पुन्हा करावे लागते.