जुन्या अ‍ॅल्युमिनियम होडीचा ट्रान्सम बदलताना

मोटरची खालची शेपटी धरून हलवली की होडीची मागची भिंत लवायची. ह्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. मोटरचं सगळं ओझं तिच्यावर, आणि पाण्यात रेटाही तिथूनच मिळतो. बाहेरून पत्रा ठणठणीत दिसत होता. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो, तर वर खणखणीत आवाज आणि पाणी सोडायच्या भोकाभोवती नुसता बद बद. पत्र्याच्या आत दीड इंच जाडीचं प्लायवूड असतं, तेच गेलं होतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटात, म्हणजे मी राहतो तिथे, अशा चौदा फुटी होड्या लोकांच्या अंगणात पालथ्या पडलेल्या दिसतात. न्यूयॉर्क मिल्सचं लुंड, लिटल फॉल्सचं क्रेस्टलायनर, सेंट पीटरचं अ‍ॅल्युमाक्राफ्ट ही होड्या बनवणाऱ्यांची नावं मूळची इथलीच. माझी होडी कोणाची ते सांगत नाही, कारण इतक्या वर्षांनी लाकूड कुजलं ह्यात बनवणाऱ्याचा काही दोष नाही.

उघडायचं काम कंटाळवाणं आहे. वरची पट्टी, कोपऱ्यांच्या टोप्या आणि आतले आधाराचे त्रिकोणी तुकडे रिव्हेटने बसवलेले असतात. रिव्हेटचं फक्त डोकं ड्रिलने उडवायचं आणि उरलेला दांडा पंचने मागे ठोकायचा. ड्रिल घसरला की भोक लांबट होतं, मग बसा मोठ्या मापाची रिव्हेटं शोधत. प्लाय फळीच्या रूपात बाहेर आलंच नाही. खालचा भाग तर चहाच्या चोथ्यासारखा मुठीने उपसला. त्यामागे पत्र्यावर पांढरी पूड आणि बारीक खड्डे होते. ते तारेच्या ब्रशने घासून एपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदाने, भरले. ब्रश स्टेनलेसचा हवा, साध्या लोखंडाचे कण पत्र्यात रुतून बसतात.

खरा प्रश्न लाकडाचा. दुकानात हमखास सल्ला मिळतो, "प्रेशर ट्रीटेड घ्या, कुजायचंच नाही." कुजणार नाही हे खरं, पण त्या प्रक्रियेत लाकडात तांब्याचे क्षार मुरवलेले असतात. ओलावा, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की बॅटरीच तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. म्हणजे फळी शाबूत आणि होडीला भोकं! मी साधं एक्स्टीरियर ग्रेड प्लाय घेतलं, पाऊण इंचाचे दोन तुकडे. मरीन प्लाय चांगलंच, पण चारही कडा नीट बंद करणार असाल तर त्याचे पैसे मला पटत नाहीत.

माप जुन्या फळीवरून घेता येईना, म्हणून पुठ्ठा कापून आत बसवून पाहिला. ट्रान्सम मागे कललेला असतो, त्यामुळे वरची कड त्याच कोनात तासावी लागते. उंची मात्र होती तेवढीच ठेवायची. माझी शॉर्ट शाफ्टची, म्हणजे आखूड दांड्याची, मोटर पंधरा इंचांच्या ट्रान्समसाठी आहे. दोन्ही तुकडे एपॉक्सीने चिकटवून जेवढे क्लॅम्प होते तेवढे लावले, शेजारच्या आजोबांचेसुद्धा.

एपॉक्सीला ऊब लागते आणि एप्रिलातलं इथलं गॅरेज म्हणजे फ्रीज. मेच्या मध्यावर वॉलाय मासा पकडायचा मोसम उघडतो, म्हणून सगळ्यांची घाई नेमकी थंडीतच चालते. मी ताडपत्रीचा आडोसा करून हीटर लावला. (बायकोने विजेच्या बिलाची आठवण करून दिली.) एपॉक्सीचा थर सुकल्यावर वर मेणचट पापुद्रा येतो, तो आधी पाण्याने धुवा, नंतर सँडपेपर मारा. उलट केलंत तर तो घासून आत जातो आणि पुढचा थर नीट धरत नाही.

बोल्टची भोकं थेट पाडू नका. आधी मोठं भोक पाडायचं, त्यात दाट केलेली एपॉक्सी भरायची, आणि ती सुकल्यावर मधून बोल्टच्या मापाचं भोक. मग आतल्या लाकडाला पाणी लागतच नाही. पाणी सोडायच्या भोकालाही हाच उपाय, कारण बहुतेक कुज तिथूनच सुरू होते. बोल्ट स्टेनलेसचे, भरपूर सीलंट लावून. दोन वेगळे धातू इथेही आहेतच, पण गोड्या पाण्यात आणि मध्ये सीलंट असताना निभावतं. कोकणातल्या खाऱ्या खाडीत मी एवढा निर्धास्त राहिलो नसतो.

रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. बाहेरून आजोबांची हवेची हातोडी, आत मी लोखंडी ठोकळा दाबून धरलेला. कानात बोळे हवेतच. हात पोचत नव्हता तिथे बंद तोंडाची पॉप रिव्हेटं वापरली, ती एकाच बाजूने बसवता येतात. साधी पॉप रिव्हेटं मधून पोकळ असतात, ती पाण्याखाली गळतात.

शेवटी ट्रेलरवरच होडीत थोडं पाणी सोडलं आणि खाली आडवा होऊन थेंब कुठून येतात त्यावर खडूने खुणा केल्या. गळ्यापर्यंत भरू नका, पाण्याच्या वजनाने ट्रेलर आणि तळ दोघांचीही कंबर मोडेल. ट्रान्सम कोरडा निघाला. पुढच्या बाकाखालची एक शिवण मात्र झिरपते. तिला हिवाळ्याआधी एपॉक्सी सीलर लावीन, तोवर एक डबडं सोबत ठेवतो. मोटर आता कितीही हलवा, भिंत जागची हलत नाही.