दारूबंदीच्या राज्यात ए.ए.ची मीटिंग : बडोद्याहून लिहितो

मावसभावाच्या लग्नाला बडोद्याला निघालो तेव्हा आमच्या ठाण्याच्या ए.ए. (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना) ग्रुपमधला एक जण हसला. म्हणाला, "गुजरातेत कशाला हवी रे मीटिंग? तिथं मिळतच नाही ना!" मिळते हो. १९६० साली गुजरात वेगळा झाला तेव्हापासून तिथे दारूबंदी आहे, पण लग्नघरात गाडीची डिकी कुणासाठी आणि किती वाजता उघडते ते सगळ्यांना ठाऊक असतं. बाहेरच्या राज्यातून आलेल्याला परमिट काढता येतं, ही माहिती तर एका पाहुण्याने मला न विचारताच पुरवली. दारू सोडलेल्या आपल्यासारख्याला अशा घरात चार दिवस काढायचे तर मीटिंगची सोय आधीच करून ठेवावी.

मुंबईहून बडोदा साधारण ३९० किलोमीटर. गाडी कुठली मिळते त्यावर साडेचार ते सहा तास. मुक्काम दांडिया बाजारात मावशीकडे. आजूबाजूला निम्म्या दारांवर मराठी आडनावं, आणि मराठीही बडोद्याची खास, मध्येच गुजराती घेऊन चालणारी. अडचण हीच. सगळे सगळ्यांना ओळखतात.

मीटिंगची चौकशी घरून निघण्याआधीच करा. ए.ए.चं भारताचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावर हेल्पलाइन आहे, त्यांना शहर सांगितलं की तिथला संपर्क मिळतो. पत्ता मी इथे मुद्दाम देत नाही. खोल्या भाड्याच्या किंवा मागून घेतलेल्या असतात, शाळेची सुट्टी आली की जागा बदलते, आणि जुन्या पत्त्यावर जाऊन कुलूप बघणारा नवखा माणूस तिथून कुठे वळेल ते सांगायला नको. फोनवर नेमकं विचारा: या आठवड्यात त्या दिवशी मीटिंग नक्की आहे का, खुली की फक्त सदस्यांची, जवळची खूण कोणती. आडनाव कुणी विचारत नाही, तुम्हीही सांगू नका.

मीटिंगची पाटी शोधत फिरू नका. मला तरी दिसली नाही. परमिटशिवाय पिणं हाच जिथे गुन्हा, तिथे अशी पाटी लावताना कुणीही दोनदा विचार करेल. पोलिसांची भीती वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा: मीटिंगला हजेरीपट नसतो, फॉर्म नसतो, फी नसते. सदस्य होण्याची अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. मला घ्यायला एक काका स्कूटरवर नाक्यापर्यंत आले. मी नको म्हटलं होतं तरी.

घरात एकाला खरं सांगून जावं असं माझं मत. मी वहिनीला सांगितलं. बाकीच्यांना ती म्हणाली, "सुरसागर तलावाला चक्कर मारायला गेलेत." मेंदीच्या गडबडीत कुणी खोलात गेलं नाही.

मीटिंग हिंदी-गुजरातीत झाली. मी मराठीत बोललो तरी चाललं, बडोद्यात मराठी समजणारे कमी नाहीत. क्रम ठाण्यासारखाच: प्रास्ताविक, बारा पायऱ्यांचं (दारूतून सावरण्याच्या ए.ए.च्या कार्यक्रमाचं) वाचन, मग ज्याला बोलायचंय त्याचं शेअरिंग, शेवटी प्रार्थना. कोण काय बोललं ते लिहिणार नाही, तिथलं तिथेच राहतं. मध्ये पैशांची थैली फिरते. सदस्य जमेल तेवढे टाकतात. खुल्या मीटिंगला आलेल्या पाहुण्याकडून पैसे घेत नाहीत, तेव्हा बायको किंवा भाऊ सोबत असेल तर त्यांनी खिशात हात घालू नये. घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना आहे. तिच्या मीटिंगची चौकशीही वेगळी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे अजून रोज पिणाऱ्यांसाठी. "गुजरातेत जातोय, आपोआप सुटेल" असा हिशेब करून कुणाला गाडीत बसवू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन माणूस नाही त्या गोष्टी पाहू लागतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. याला मीटिंग हा उपाय नाही, डॉक्टर हवा. निघण्याआधीच दाखवून घ्या. बडोद्यात असताना लक्षणं दिसली तर १०८ ला फोन करा किंवा रावपुऱ्याजवळचं सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल गाठा. सरकारी आहे, मोठं आहे. किती पितो ते डॉक्टरला खरं सांगा, दारूबंदीच्या धाकाने आकडा कमी करू नका, कारण औषधाचा डोस त्यावरच ठरतो. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

मीटिंग बहुधा संध्याकाळी असते आणि लग्नघरातला धोक्याचा वेळही तोच. म्हणून संगीताच्या रात्रीच गेलो, परत येईपर्यंत डिकी बंद झाली होती. ज्यांना बाहेर पडणं शक्यच नाही त्यांनी ऑनलाइन मीटिंग विचारून ठेवावी. गच्चीवर इअरफोन लावून बसलं तर फोनवर बोलतोय असंच वाटतं. फक्त फोन चार्ज करून ठेवा, लग्नघरात चार्जर कधी जागेवर सापडत नाही.