दोन बोटं उघडी काच

मनालीतले पहिले चार दिवस एका ओळीत आटपते: हिडिंबा मंदिर, जुनी मनाली, वशिष्ठचं गरम कुंड आणि मॉल रोडवर खांद्याला खांदा लागेल एवढी गर्दी. लिहायला बसले आहे ते पाचव्या दिवसाबद्दल. २३ डिसेंबर २०२४, नाताळच्या आधीचा सोमवार.

सकाळी सिस्सूला निघालो. मी, नवरा, सासूबाई, नणंद, तिचा नऊ वर्षांचा मुलगा आणि चंदीगडहून ठरवलेल्या इनोव्हाचे ड्रायव्हरदादा. ते मूळचे मंडीकडचे. वाटेतल्या एका टपरीवर भाड्याचे जाडजूड कोट आणि गमबूट घेतले. कोट कुबट वासाचे होते, मी नाक मुरडलं होतं. संध्याकाळपर्यंत त्या कोटांवर माझा इतका जीव जडला की काय सांगू.

परतताना ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा पार करून दक्षिणेच्या तोंडाशी बाहेर आलो, तर समोर नुसतं पांढरं. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर आम्ही, खाली सोलंगपर्यंत उतार, आणि बर्फावरून गाड्या आडव्या घसरत होत्या. लोक उतरून हातांनी गाड्या ढकलत होते, चाकांखाली माती टाकत होते. थोड्या वेळाने सगळंच थांबलं. त्या दिवशी तिथे हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या होत्या, हे दुसऱ्या दिवशी बातम्यांत कळलं. आम्हाला फक्त पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसत होते.

अंधार पडला तशी थंडी काचांमधून आत आली. हीटर सुरू होता, बरं वाटत होतं, सासूबाईंना डुलकी लागली होती. आणि ड्रायव्हरदादांनी इंजिन बंद केलं. इंजिन बंद म्हणजे हीटरही बंद. वर त्यांनी वाऱ्याच्या उलट बाजूची मागची काच दोन बोटं खाली घेतली.

मी भडकले. एकाहत्तर वर्षांच्या बाई आहेत गाडीत, लहान मूल आहे, काच उघडता? ते म्हणाले, "मैडम, घंटे में दस मिनट चलाऊँगा." मला वाटलं, डिझेल वाचवतोय माणूस. मी तसं बोललेही: डिझेलचे पैसे वेगळे देते, पण हीटर लावा. आजही ते वाक्य आठवलं की मान खाली जाते.

ते काही बोलले नाहीत. खाली उतरले आणि मला मागे यायची खूण केली. मोबाइलचा उजेड पाडला. सायलेन्सर दिसतच नव्हता. मागच्या बंपरपर्यंत बर्फ चढला होता, आणि जिथून धूर बाहेर पडायचा तिथे बर्फात मुठीएवढं काळपट भोक तेवढं उरलं होतं. ते गुडघ्यावर बसले आणि हाताने बर्फ उपसू लागले. मग आमच्याकडे काहीतरी पत्र्याचं आहे का, असं विचारलं. मी डिंकाच्या लाडवांच्या स्टीलच्या डब्याचं झाकण आणून दिलं. त्या झाकणाने त्यांनी सायलेन्सरभोवती हातभर जागा मोकळी केली. "हीटर चलाके सो गए ना मैडम, तो सुबह कोई नहीं उठेगा."

सायलेन्सर बुजला की धूर गाडीखाली साचतो आणि फटींमधून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. भाचा अर्ध्या तासापासून डोकं दुखतंय म्हणत होता आणि आम्ही सगळे 'उंचीमुळे होतं' असं सांगून त्याला गप्प करत होतो. तो उंचीचा त्रास होता की धुराचा, मला कधीच कळणार नाही. सासूबाईंची ती डुलकी आठवली आणि माझे पाय लटपटले. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीत बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये एका रात्रीत वीसहून अधिक माणसं गेली होती. ती बातमी मी वाचली होती. वाचून विसरले होते.

त्यानंतर रात्र त्यांच्या घड्याळाप्रमाणे चालली. दर तासाला आधी ते झाकण घेऊन उतरणार, सायलेन्सर मोकळा करणार, मग दहा मिनिटं इंजिन. भाच्याचे मोजे बर्फात खेळून चिंब झाले होते, ते त्यांनी काढायला लावले. ओल्या कापडापेक्षा उघडा पाय बरा, पण तो कोरडा हवा. सासूबाईंनी त्याची दोन्ही पावलं आपल्या कोटाच्या आत, पोटाशी धरली. पायपुसण्यांखाली अंथरलेले जुने पेपर दादांनी चुरगाळून आमच्या गमबुटांत कोंबले. ऊब खरंच धरली त्यांनी. शेजारच्या गाडीतून कुणी रम देऊ केली, तीही त्यांनी हात जोडून परत केली. दारूने कातडी गरम वाटते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते. त्याऐवजी दर तासाला एकेक लाडू. सासूबाईंनी पुण्यात ते बांधले तेव्हा 'एवढं ओझं कशाला' असं मीच म्हटलं होतं.

आमच्या श्वासांची वाफ काचेवर आतून गोठली होती. भाचा नखाने तिच्यावर फुल्ली-गोळा खेळत बसला. डोकं दुखायचं थांबलं होतं.

एकच्या सुमारास पोलीस गाड्यांच्या रांगेतून चालत आले आणि एकेक गाडी हळूहळू खाली सोडू लागले. हॉटेलवर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

सामान उतरवल्यावर दादा परत गाडीकडे वळले. नवऱ्याने विचारलं, कुठे निघालात? तेव्हा कळलं, हॉटेलात ड्रायव्हरसाठी खोली नाही, चारही रात्री ते गाडीतच झोपत होते. चार रात्रींत आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. काउंटरवरचा मुलगा डोळे चोळत म्हणाला, आमच्याकडे तशी सोयच नाही. नवरा त्याच्याशी वाद घालू लागला.

सासूबाई मात्र सरळ दादांसमोर गेल्या, त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि आपल्या कोटाच्या खिशात टाकली. "बेटा, चाबी सुबह मिलेगी," म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तू माझ्या खोलीत ये. तुमच्या खोलीत त्याची गादी घाल."

मी गादी घातली. दोन रजया दिल्या. दादांनी बूट दाराबाहेर काढले. त्यांचे मोजे चिंब ओले होते.