पद्मेशी भांडत वाढलेली रेल्वे: ईस्टर्न बेंगाल रेल्वे

आपल्याकडे रेल्वेचा इतिहास म्हटलं की १८५३ सालची बोरीबंदर-ठाणे गाडी, जीआयपी आणि बोरघाट, आणि बंगालचा विषय निघालाच तर हावडा स्टेशन आणि ईस्ट इंडियन रेल्वे. पण त्याच कलकत्त्यात हुगळीच्या पूर्व काठावरून, सियालदह स्टेशनहून, पूर्वेकडे निघालेली आणखी एक कंपनी होती, ईस्टर्न बेंगाल रेल्वे, आणि तिच्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच वाचायला मिळत नाही. मला जुन्या रेल्वे कंपन्यांमध्ये ही सगळ्यात जवळची वाटते. बाकीच्या कंपन्यांना डोंगर फोडायचे होते, जंगल तोडायचं होतं, हिच्यासमोर मात्र होती पद्मा, म्हणजे गंगाच, पण पूर्व बंगालात शिरल्यावर जी दरवर्षी काठ खाते, पात्र बदलते आणि काल जिथे गाव होतं तिथून आज वाहते.

कंपनी स्थापन झाली १८५७ साली, लंडनमध्ये. ब्रिटनमधली ग्रेट वेस्टर्न रेल्वे बांधणारा इसंबार्ड ब्रुनेल हा हिचा सल्लागार इंजिनिअर होता. पैसा उभा करायची पद्धत तेव्हाच्या बाकी कंपन्यांसारखीच, म्हणजे भागधारकांना ५ टक्के परताव्याची सरकारी हमी, कमाई कमी पडली तर फरक भारताच्या तिजोरीतून भरायचा. म्हणजे जोखीम इथल्या रयतेची आणि व्याज लंडनला, हे मला कितीही वेळा वाचलं तरी संताप आणणारंच वाटतं.

१८६२ च्या सप्टेंबरअखेर गाडी राणाघाटपर्यंत गेली आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला पुढे कुष्टियापर्यंत. आजच्या बांगलादेशातली पहिली रेल्वे ती हीच, दर्शना ते जगती हा त्यातला तुकडा. हा सगळा नदिया जिल्ह्याचा पट्टा, जिथे दोन-तीन वर्षं आधी शेतकऱ्यांनी निळीची लागवड करायला नकार देऊन मळेवाल्यांविरुद्ध उठाव केला होता. नीळ मागे पडत गेली आणि तिची जागा तागाने घेतली. पूर्व बंगालात ताग पिकायचा, हुगळीच्या काठावर गिरण्या उभ्या राहत होत्या आणि मधलं अंतर पूर्वी नावेने सुंदरबनाच्या खाड्यांमधून वळसे घेत कापावं लागायचं. कंपनीला धंदा दिसला तो इथे.

पण कुष्टियाला थांबून भागणार नव्हतं, मोठा व्यापार पुढे ढाक्याच्या बाजूला होता. मग गोराई नदीवर पूल बांधला आणि १८७१ मध्ये रेल्वे गोआलंदला पोचली, म्हणजे पद्मा आणि ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह जिथे एकत्र येतात तिथे. नकाशावर बघितलं तर जागा एकदम परफेक्ट, दोन महानद्यांचा संगम, एका बाजूला ढाका आणि नारायणगंज, वर आसाम, सगळीकडे स्टीमर जाऊ शकतात. आणि प्रत्यक्षात तिथली जमीन म्हणजे नदीने आणून टाकलेला गाळ. स्टेशन वाचवायला दगडी बांध घातला, संरक्षणाच्या कामावर १ लाख ३० हजार पौंडांच्या वर खर्च केले, आणि १८७५ च्या पुरात बांध, रेल्वे स्टेशन, मॅजिस्ट्रेटची कचेरी सगळं नदीने एकदम नेलं. त्यानंतर मात्र इंजिनिअरांनी हट्ट सोडला. गोआलंदला पक्कं काही बांधायचंच नाही, टर्मिनस कच्चं ठेवायचं, नदी सरकली की रूळ, शेड, घाट सगळं उचलून तिच्या मागे जायचं. एवढी मोठी रेल्वे आणि तिचं शेवटचं स्टेशन नदी सांगेल तिथे, हे मला फार विलक्षण वाटतं.

आणि तरीही गोआलंद चाललं, नुसतं चाललं नाही तर पूर्व बंगालचं दार झालं. सियालदहहून रात्री गाडीत बसायचं, पहाटे गोआलंदला उतरून स्टीमर पकडायची, ढाक्याला जायचं तर नारायणगंजला उतरायचं, चितगावला जायचं तर चांदपूरला, तिथून पुढे आसाम बेंगाल रेल्वेची गाडी. स्टीमरवरचे खलाशी स्वतःसाठी कोंबडीचा रस्सा करायचे, मोहरीचं तेल, कांदा, लसूण, भरपूर लाल मिरची, सुकी कोळंबी वाटून घातलेली, बस्स, वाटण-मसाल्याचा फार थाट नाही. त्याचा वास वरच्या डेकपर्यंत जायचा, प्रवासी मागून खायला लागले, आणि आज घाट राहिला नाही पण गोआलंद स्टीमर करी कलकत्त्यात आणि ढाक्यात अजून केली जाते.

याच घाटावरून छोटानागपूरकडून भरती केलेले मजूर आसामच्या चहामळ्यांवर पाठवले जायचे. गर्दी, घाण पाणी, पटकी, कित्येक जण मळ्यापर्यंत पोचलेच नाहीत. १९२१ मध्ये सिल्हेटकडच्या मळ्यांमधून हजारो मजूर काम सोडून घराकडे चालत निघाले आणि चांदपूरला अडकले, कारण पुढे गोआलंदची स्टीमर मिळाल्याशिवाय घर नव्हतं. तिथे रात्री स्टेशनवर गुरखा शिपायांनी त्यांना मारहाण केली आणि मग आसाम बेंगाल रेल्वेचे आणि स्टीमरचे कामगार संपावर गेले, काँग्रेसचे नेते जतींद्रमोहन सेनगुप्ता त्यात पुढे होते. रेल्वेच्या इतिहासात इंजिनांचे नंबर आणि गेज (दोन रुळांमधलं अंतर) यांच्याइतकीच ही माणसंही यायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

भरावाचंही बोललं पाहिजे. बंगाल सपाट आहे, पावसाळ्यात पाणी सगळीकडे पसरतं आणि उताराने हळूहळू निघून जातं. त्यात रूळ टाकायला उंच भराव घातले, मोऱ्या पुरेशा ठेवल्या नाहीत, पाणी तुंबलं. १८६४ च्या साथीच्या चौकशी समितीतले दिगंबर मित्र यांनी तेव्हाच सांगितलं होतं की तापाची साथ पसरण्यामागे रस्ते आणि रेल्वेच्या भरावांनी निचरा अडणं हे कारण आहे. इतक्या लवकर, डासाचा आणि मलेरियाचा संबंध कळण्याच्या कितीतरी आधी! सरकारने फारसं मनावर घेतलं नाही.

१८८४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली. पद्मेच्या उत्तरेला तोपर्यंत वेगळीच मीटर गेज लाइन झाली होती, १८७४ च्या दुष्काळी कामातून सुरू झालेली नॉर्दर्न बेंगाल स्टेट रेल्वे, सारा घाटापासून सिलिगुडीपर्यंत, तीही यातच आली. त्यामुळे दार्जिलिंगला जाणाऱ्याचा प्रवास असा की सियालदहहून ब्रॉड गेजने दामुकदिया घाट, तिथे फेरीवर चढायचं, जेवण फेरीवरच, पलीकडे साराला उतरून मीटर गेजच्या गाडीत झोपायचं आणि सकाळी सिलिगुडीला दोन फुटी गेजच्या डोंगरी गाडीत. एका प्रवासात तीन गेज आणि एक नदी. माल तर प्रत्येक ठिकाणी हमालांनी उतरवायचा आणि परत चढवायचा.

पद्मेवर पूल हवा हे बोलणं १८८९ पासून चालू होतं पण जी नदी जागेवर राहत नाही तिच्यावर पूल बांधायचा कुठे? रॉबर्ट गेल्स या इंजिनिअरने आधी नदीलाच बांधून घेतलं, दोन्ही काठांवर दगडाचे लांबलचक मार्गदर्शक बांध घातले म्हणजे प्रवाह पुलाखालूनच गेला पाहिजे, आणि मग खांबांचा पाया म्हणून विहिरी गाळात सुमारे १६० फूट खोल उतरवल्या. तेव्हाच्या जगातल्या सगळ्यात खोल पाया असलेल्या पुलांपैकी हा होता. मुख्य १५ गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, प्रत्येक साधारण ३४५ फुटांचा. ४ मार्च १९१५ ला व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्या हस्ते उद्घाटन झालं, नावही त्यांचंच. पुढे १९२६ पर्यंत ब्रॉड गेज थेट सिलिगुडीला पोचली आणि दार्जिलिंग मेल एकदाही न बदलता जायला लागली. या पुलाला शंभर वर्षं कधीच उलटून गेली, १९७१ च्या युद्धात एक गाळा पाण्यात पडला, १९७२ मध्ये तो दुरुस्त झाला आणि अजून त्यावरून गाड्या जातात. गेल्सचं नाव आपल्याला माहीत असायला हवं होतं.

पण थेट गाडीचं सुख फक्त २१ वर्षं टिकलं. १९४२ मध्ये आसाम बेंगाल रेल्वेशी विलीनीकरण होऊन बेंगाल अँड आसाम रेल्वे झाली आणि १९४७ ला रॅडक्लिफने आखलेली फाळणीची रेघ तिच्या बरोबर मधून गेली. पूल पाकिस्तानात, सियालदह आणि सिलिगुडी भारतात, मधला बराचसा रस्ता परदेशात. आसाम तर रुळांनी तुटलाच, घाईघाईने आसाम रेल लिंक बांधून १९५० च्या जानेवारीत तो परत जोडावा लागला. ज्या सियालदहहून लोक पूर्व बंगालला सुट्टीसाठी घरी जायचे त्याच्याच प्लॅटफॉर्मवर निर्वासितांनी महिनोन्‌महिने संसार मांडले. तरी गाड्या सुरू होत्या, बरिसाल एक्स्प्रेस, ईस्ट बेंगाल मेल, त्या बंद पडल्या १९६५ च्या युद्धात. मग थेट २००८ मध्ये मैत्री एक्स्प्रेस आली, कलकत्ता-ढाका, गेदे-दर्शनावरून म्हणजे त्याच १८६२ च्या लाइनवरून आणि पुढे हार्डिंज पुलावरून. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशातल्या अशांततेत तीही थांबली.

कधी कलकत्त्याला गेलात तर सियालदहहून गेदे लोकल पकडा. वाटेत कांचरापाडा लागतं, तिथलं वर्कशॉप १८६३ सालचं, याच कंपनीचं, आणि अजून काम करतंय. मग राणाघाट, आणि शेवटी गेदे, जिथे लोकल संपते पण रूळ सरळ पुढे दर्शनाकडे जातात.