चौथ्या तारेतला गांधार

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून शाळेत येणाऱ्या मुलांना तंबोरा म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागत नसे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून आलेले मोठाले कडू भोपळे दुकानांत टांगलेले असत. दारातच कुणी दांडी तासत बसलेलं, कुणी तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, पॉलिश करतंय, आणि आतल्या अर्धवट उजेडात एखादे म्हातारे कारागीर तीच ती तार पुन्हा पुन्हा छेडून घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवताहेत. ही शिकलगारांची घराणी. पूर्वी हत्यारं घडवायची, त्यांना धार लावायची. हत्यारांचे दिवस सरले तसा एकोणिसाव्या शतकात हा हात वाद्यांकडे वळला. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्यात सर्वांत आधी घेतलं जातं. आम्हा मुलांना मात्र तो माल वाटे. खोक्यात पेंढा भरून तो स्टेशनकडे जायचा आणि कुठल्या तरी लांबच्या गावी वाजायचा. तंबोऱ्याच्या साथीनं कुणाला गाताना समोर बसून ऐकलंय, असं आमच्या वर्गात कुणीही नव्हतं.

ते आम्हाला ऐकवलं शाळेनं. गोष्ट १९७५-७६च्या सुमाराची, मी सातवीत होतो तेव्हाची. आमचे मराठीचे सर ग्रंथालयही सांभाळायचे. मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस जवळ आला आणि त्यांनी वर्गात विचारलं, "दर्ग्यातल्या संगीत सभेला कोण येणार?" उरूस म्हणजे पाळणे, मिठाई आणि उशिरापर्यंत बाहेर राहण्याची मुभा, त्यामुळे सगळेच हात वर झाले. मग खरं काम सुरू झालं. मुलींना घरून परवानगी मिळावी म्हणून सर आणि शिवणाच्या बाई संध्याकाळी घरोघर गेले. रात्री प्रत्येकाला दारापर्यंत पोचवायचं, असा शब्द त्यांनी पालकांना दिला. आमच्या घरी सर आले तेव्हा आजी म्हणाली, "गाण्याला नेताय, तर मग जरा पुढं बसवा. मागं बसून पोरं नुसती खातात."

आदल्या दिवशी मराठीच्या तासाला पुस्तक उघडलं नाही. सरांनी खाँसाहेबांची गोष्ट सांगितली. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ १८७२ साली उत्तरेतल्या किराणा गावी जन्मले. बडोदा, म्हैसूर असे दरबार पाहिले, दक्षिणेचं संगीत मन लावून ऐकलं, आणि शेवटी घर केलं ते आपल्या मिरजेत. प्लेगनं गाठलं असताना ते मीरासाहेबांच्या पायाशी आले आणि बरे झाले, ही कथा मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली बसून ते गायचे. १९३७च्या ऑक्टोबरात दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या छोट्या स्टेशनवर प्राण गेला, आणि त्यांना परत आणून इथंच, दर्ग्याच्या आवारात दफन केलं. "ज्यांच्याकडं आपण उद्या चाललोय ते इथंच आहेत," असं सर म्हणाले, तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्याच तासाला सांगितली. या सभेला गायक-वादक येतात ते हजेरी लावायला. बिदागीची बोलणी होत नाहीत आणि ऐकणाऱ्याला तिकीट नसतं. मिरजेच्या उरसात पहिला गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा, हा मान आम्हाला लहानपणापासून ठाऊक होता. गाण्यातली हजेरी त्याच रीतीतली आहे, हे सरांमुळं कळलं.

त्या रात्री उरसाच्या गर्दीतून वाट काढत, एकमेकांचे हात धरून आम्ही आत गेलो. बाहेर पाळण्यांचा करकराट, भोंगे, फुगेवाले. आत सतरंज्या अंथरलेल्या आणि त्यांवर निम्मी मिरज. माझ्या पुढं धोतर-टोपीतले एक आजोबा, शेजारी रेल्वेचा गणवेश न उतरवता आलेला एक कर्मचारी, आणि पलीकडं आमच्याच गल्लीतले ते म्हातारे कारागीर, ज्यांना मी रोज कानस हातात धरलेलंच पाहिलं होतं. आज त्यांच्या अंगात पांढराशुभ्र सदरा होता. आजीचा निरोप सरांनी पाळला होता. आम्ही अगदी पुढं होतो, मंच हाताच्या अंतरावर.

गायक हुबळी-धारवाडकडचे, किराणा घराण्याचे. निवेदकानं नाव सांगितलं तेव्हा आमचं लक्ष मंचावरच्या दोन तंबोऱ्यांकडं होतं, कारण त्यांतला एक कुठल्या दुकानातून निघाला असेल यावर आमच्यात पैज लागली होती. ते तंबोरे बराच वेळ जुळवले जात होते. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, घोडीवरचं, तारेखालचं सूत केसभर हलवायचं, पुन्हा छेडायचं. मुलं चुळबुळायला लागली. तेव्हा सर खाली वाकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "पहिली तार पंचमाची, म्हणजे 'प'ची. मधली जोडी षड्जाची, 'सा'ची. चौथी जाड तार खर्जाची, खालच्या 'सा'ची. त्या चौथ्या तारेच्या मागून आणखी एक स्वर येतो, तो कुणीच छेडलेला नाही. तो सापडतो का बघ."

मी शोधायला लागलो. आधी काहीच कळेना. चार तारा चार वेळा वाजत होत्या, बस. मग गायकांनी डोळे मिटले, दोन्ही तंबोरे एका लयीत आले, पेटी अजून गप्प होती, आणि खर्जाची तार विरत जाताना तिच्या वरच्या अंगाला एक बारीक, उजळ स्वर उभा राहिलेला मला ऐकू आला. तार विझली की तो जाई, पुन्हा छेडली की येई. मी सरांकडं पाहिलं. त्यांनी फक्त मान हलवली.

राग शुद्ध कल्याण होता, विलंबित एकतालात. ही नावं सरांनी नंतर सांगितली. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की हा माणूस घाई करत नाही. खालच्या सप्तकात तो इतका वेळ रेंगाळला की बाहेरचा उरूस हळूहळू ऐकू येईनासा झाला. एकेक स्वर घ्यायचा, त्याला सगळ्या बाजूंनी न्याहाळायचं, मगच पुढच्याकडं वळायचं. किराण्याची बढत म्हणतात ती हीच. मग मध्य सप्तकात, रिषभावरून हळूच, तो गांधारावर, म्हणजे 'रे'वरून 'ग'वर, आला आणि थांबला. तो तंबोऱ्यातलाच स्वर होता. कुणीही न छेडलेला स्वर आणि माणसाच्या गळ्यातला स्वर यांत फटच उरली नव्हती. गायक थांबले की तोच स्वर तंबोरा पुढं चालवत होता. समोरच्या आजोबांच्या तोंडून नुसतं "हाऽऽ" निघालं. आमच्या गल्लीतल्या कारागिरांनी हात कानाला लावला. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि शेजारी बसलेल्या माझ्या मित्रानं, ज्याला शाळेतलं कुठलंच कवायतीशिवायचं काम आवडत नसे, माझं मनगट घट्ट धरलं होतं.

पुढं द्रुत झालं, तराणा झाला, लोकांनी नाट्यगीताची फर्माईश केली आणि तीही पुरी झाली. तबल्याच्या तिहाईवर आम्ही मुलांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. पण मला विचाराल तर माझी मैफल त्या गांधाराशीच झाली होती. परतताना सरांनी एकेकाला दारात सोडलं. कुणी फारसं बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी गल्लीत थांबलो आणि त्या कारागिरांना विचारलं की तो स्वर तुम्ही घालता का. "स्वर आम्ही कोण घालणार, बाळा?" ते म्हणाले. "तार घोडीवर किती टेकवायची, तेवढंच आमच्या हातात." मग त्यांनी जवारी दाखवली. घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. थरथरणारी तार त्या उताराला चाटत जाते, म्हणून तिच्यातले दडलेले स्वर खुलून येतात. सूत जरा पुढं-मागं झालं की ते बुजतात. कानस का इतकी जपून फिरवतात, हे इतकी वर्षं शेजारी राहून मला पहिल्यांदा कळलं.

याच शाळेच्या प्रयोगशाळेत नववीत सोनोमीटरवर तारेचे प्रयोग झाले. तार अख्खी हलते तशीच ती अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्श्यांनीही हलते, आणि त्या पाचव्या हिश्श्यातून जो स्वर येतो तो गांधार, हे विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर मांडलं. बाईंना मी उरसातली गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी संगीताच्या खोलीतला जुना तंबोरा वर्गात आणवला आणि सगळ्यांना ऐकवला. एकाच इमारतीत, एका मजल्यावर सर आणि दुसऱ्यावर बाई, दोघांनी मिळून मला एक स्वर शिकवला. याचं मोल मी कशात मोजू?

मी गायक झालो नाही. नोकरी पुण्यात केली. भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी १९५३ साली सुरू केलेल्या महोत्सवाला डिसेंबरात जमेल तेव्हा जात राहिलो. सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचेच शिष्य, म्हणजे तिथं बसूनही मी मिरजेच्याच घरात बसल्यासारखा असे. खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या मिळवून ऐकल्या. तो टोकदार, आर्त आवाज सुरू झाला की हातातलं काम आजही थांबतं. आता अनेक मैफलींत इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो. रियाजाला, प्रवासाला तो सोयीचा आहे. पण लाकूड आणि भोपळ्यातून येणारा गांधार त्याच्यात मला सापडत नाही, आणि नव्या मुलांनी फक्त तोच ऐकावा याचं मला मनापासून वाईट वाटतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी वाचून मी आनंदानं गल्लीतल्या जुन्या मित्राला फोन केला. त्याची मुलं मात्र या कामात नाहीत. कानस धरायला हात हवेत, आणि त्या हातांना काम हवं.

म्हणून आपल्या शाळेच्या या महोत्सवाच्या निमित्तानं माजी विद्यार्थ्यांपुढं दोन गोष्टी ठेवतो. शाळेसाठी तंबोऱ्यांची एक जोडी आपण आपल्या गल्लीतूनच करून घेऊ, एक मुलांच्या पट्टीचा, एक मुलींच्या, आणि दरवर्षी जवारी काढून घेण्याचा खर्चही आपल्याकडं ठेवू. आणि सातवीच्या वर्गाला उरसातल्या संगीत सभेला नेण्याची पद्धत पुन्हा सुरू करू. उरसाची तारीख कळली की लगेच पालकांना भेटायला लागावं लागेल, ऐनवेळी परवानग्या मिळत नाहीत. घरोघर जायला आणि रात्री मुलांना दारापर्यंत पोचवायला मी येईन. आणखी चार-पाच जण तयार असतील तर मुख्याध्यापकांकडं नावं द्यावीत.