नवा फोन आला आणि घरातली रेंज गेली

आमच्या घरातले फोन एकाच वेळी बदलले गेले आणि त्यानंतर लगेचच घरातून नीट बोलणे अवघड होऊन बसले. कंपनी तीच, सिमकार्डे तीच, भिंतीही त्याच. तरीही आतल्या खोलीत गेले की आवाज तुटू लागे, कधी कॉल मध्येच कट होई, तर कधी फोन वाजतच नसे आणि कोणीतरी फोन केला होता असा संदेश तेवढा मागाहून येई. अशा वेळी सगळा दोष टॉवरवर टाकून मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु तोच टॉवर जर जुन्या फोनला पुरत होता, तर आधी फोन, सिम, सेटिंग आणि घर या चार गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून तपासायला हव्यात. आणि ही तपासणी कोणालाही घरबसल्या करता येते.

सुरुवातीलाच सांगतो की पडद्यावरच्या दांड्यांवर विसंबू नये. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, याचा सर्वांना बांधील असा नियम नाही; प्रत्येक उत्पादक आपापल्या सूत्राने ते ठरवतो. २०१० साली आयफोन ४ च्या वादात ॲपलने स्वतःच जाहीर केले होते की आपले सूत्र चुकीचे असून अनेकदा असायला हव्यात त्यापेक्षा दोन दांड्या जास्त दिसतात. त्यामुळे जुन्या फोनवर चार दांड्या होत्या आणि नव्यावर दोनच आहेत, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजण्याच्या एककात, असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो सेटिंग्जमधल्या फोनविषयीच्या माहितीत, सिमच्या स्थितीखाली सापडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* हा क्रमांक डायल केला की तपासणीचा पडदा उघडतो. आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ८५च्या आसपास उत्तम, उणे १००पर्यंत काम चालते, उणे ११५च्या पलीकडे बोलणे दैवाधीन. हे मोजमाप लॉगरिदमिक आहे, म्हणजे उणे ९५ आणि उणे १०५ यांत किरकोळ वाटणारा फरक असला तरी प्रत्यक्षात मिळणारी शक्ती दहापट कमी झालेली असते.

आता एकच सिम आधी जुन्या आणि मग नव्या फोनमध्ये घालून, त्याच जागी उभे राहून आकडे लिहून घ्यावेत: खिडकीपाशी, घराच्या मध्यावर आणि सर्वांत आतल्या खोलीत. जागा बदलल्यावर थोडे थांबावे, कारण आकडा स्थिरावायला वेळ लागतो. दोन्ही फोनांचे आकडे सारखेच आले, तर फरक बहुधा दांड्यांच्या सूत्राचाच होता आणि बोलणे तुटण्याचे कारण सिग्नलच्या ताकदीत नव्हे, तर सेटिंगमध्ये शोधायला हवे. ते बरेच वेगळे आले, तर दोन्ही फोन कोणत्या बँडवर, म्हणजे रेडिओलहरींच्या कोणत्या पट्ट्यावर, आहेत हे पाहावे.

माझ्या मते बहुतेक घरांतला घोटाळा इथेच असतो. ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतात, ३.५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या ५जीच्या लहरी मात्र सळयांचे काँक्रीट, धातूचा मुलामा दिलेली काच किंवा छतातला चंदेरी थर यांच्यापुढे लवकर दमतात. जुना ४जी फोन निमूटपणे खालच्या, म्हणजे कमी वारंवारतेच्या, बँडवर बसून असे. नवा फोन ५जीच्या मागे लागतो आणि घराच्या आत, जिथे ते जेमतेम पोहोचते, तिथे दोन्ही जाळ्यांमध्ये हेलपाटे घालत राहतो. त्यात भर म्हणजे स्वतंत्र ५जीवर, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या ५जीवर, असलेल्या फोनला अनेक ठिकाणी कॉल येताच ४जीवर उतरावे लागते, आणि कमजोर सिग्नलमध्ये ही उतरणी फसली की फोन वाजतच नाही. बॅटरी लवकर संपणे आणि खिशात फोन कोमट लागणे ही याच धावपळीची लक्षणे असू शकतात. उपाय साधा आहे: पसंतीचे नेटवर्क काही दिवस ४जीवर ठेवून पाहावे. आमच्याकडे सर्वांत मोठा फरक याच एका बदलाने पडला. घरात वाय-फाय असताना ५जीच्या वेगाचा तसाही उपयोग नाही, हे माझे मत इथे नोंदवून ठेवतो.

मात्र फोन दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बनवलेला असेल, तर खालचा बँडच त्यात नसण्याची शक्यता असते. तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही. एकाच नावाच्या फोनचे निरनिराळ्या बाजारांसाठी निरनिराळे मॉडेल क्रमांक असतात, म्हणून नाव नव्हे तर तो क्रमांक पाहून बँडची यादी मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीच्या बँडशी ताडून पाहावी.

व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, चालू आहे का, हेही पाहायला हवे. ते बंद असेल, किंवा कंपनीने त्या मॉडेलला मान्यता दिलेली नसेल, तर प्रत्येक कॉलसाठी फोन २जी किंवा ३जीवर घसरतो, आणि ती जुनी जाळी जिथे बंद झाली आहेत तिथे कॉल लागतच नाही. बोलताना ४जीचे चिन्ह नाहीसे होत असेल तर हेच घडते आहे असे समजावे. सिमकार्ड फार जुने असेल तर ते बदलून घ्यावे, नंबर तोच राहतो. धातूचे कव्हर किंवा चुंबकासाठी चिकटवलेली पट्टी काढून एकदा मोजावे. नेटवर्क सेटिंग्ज रिसेट करायच्या असतील तर वाय-फायचे पासवर्ड आधी लिहून ठेवावेत, कारण ते सगळे पुसले जातात.

एवढे करूनही भिंती हटणार नसतात, आणि तेव्हा वाय-फाय कॉलिंगसारखा दुसरा उपाय नाही. यात फोन टॉवरऐवजी घरातल्या वाय-फायच्या इंटरनेटवरून थेट मोबाइल कंपनीपर्यंत सुरक्षित वाट काढतो. सेटिंग चालू करूनही त्याचे चिन्ह दिसत नसेल, तर राउटरची फायरवॉल (नको ती वाहतूक रोखणारी यंत्रणा) यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट, म्हणजे या कॉलिंगला लागणारे मार्ग, अडवत नाही ना, ते पाहावे. बोलत बोलत घराबाहेर पडल्यावर कॉल ४जीवर सरकतो, पण त्यासाठी व्हीओएलटीई चालू असावेच लागते. शिवाय वीज गेली की राउटरबरोबर हा आधारही जातो.

सिग्नल वाढवणारे बूस्टर घेऊन घरात बसवण्याच्या फंदात मात्र पडू नये. परवानगीशिवाय ते वापरणे अनेक देशांत बेकायदा आहे, कारण असे यंत्र टॉवरच्या कानाशी गोंगाट करून आसपासच्या सगळ्यांचे कॉल बिघडवू शकते. त्यापेक्षा कंपनीकडे तक्रार करताना कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी, कोणत्या बँडवर किती डीबीएम आले आणि जुन्या फोनवर त्याच जागी किती होते, हे लिहून द्यावे; म्हणजे फोन बंद करून चालू करा या ठरलेल्या उत्तराला जागा राहत नाही.