पंखाखालचा डाग

त्या रात्री काम अपलोड करायचं ठरलं होतं. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या व्हिडिओ गेममधल्या एका रायफलसाठी आम्ही दोघं स्किन, म्हणजे बंदुकीवर चढवायचं रंगीत चित्र, करत होतो. ससाण्याचं चित्र जोडीदाराचं, ते बंदुकीच्या मॉडेलवर बसवणं आणि वापरून झिजलेला रंग दाखवणं माझ्याकडे. दोघंही मुळात खेळणारे.

यूव्ही शीटवर, म्हणजे मॉडेलच्या सपाट उलगडलेल्या नकाशावर, बंदूक सोलून पसरल्यासारखी दिसते. आमच्या ससाण्याचा पंख नेमका जोडावर येत होता आणि दोन्ही बाजूंची पिसं काही केल्या जुळेनात. पंख सरकवायला म्हणून मी त्याच्याकडे लेयरसकट, म्हणजे चित्राचे सगळे थर सुटे असलेली, फाइल मागितली. त्यानं सगळे थर एकत्र झालेली सपाट पीएनजी पाठवली. पुन्हा मागितली, तर म्हणाला, "तेवढ्यावरच भागव ना."

मला खटकलं. चित्र चारशे टक्के मोठं करून पाहिलं. शेवटच्या पिसाखाली एक धुरकट डाग होता, आजूबाजूच्या रंगाशी न जुळणारा. तिथली कुणाची तरी सही पुसली होती.

लगेच फोन लावला. बराच वेळ तो गप्पच. मग म्हणाला, "फक्त पंख घेतलाय रे, तोही उलटा करून. कोण ओळखणार?"

ओळखतात. याच खेळात २०१४ साली एम४ए४ या रायफलची 'हाउल' ही स्किन दुसऱ्याच्या चित्रावरून केल्याचं उघड झालं. खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं ती केसमधून, म्हणजे स्किन मिळतात त्या पेटीतून, काढली, तिच्यावरचं चित्र बदललं आणि ती 'काँट्राबँड', म्हणजे निषिद्ध माल, ठरवली. बनवणाऱ्यांवर कायमची बंदी आली. पण मला पकडले जाण्यापेक्षा त्या पुसलेल्या सहीचाच राग आला होता. जानेवारी २०१५ मध्ये व्हॉल्व्हनं सांगितलं होतं, की वर्कशॉपमधल्या, म्हणजे आमच्यासारखे लोक आपलं काम अपलोड करतात तिथल्या, १,५००हून अधिक जणांना मिळून ५.७ कोटी डॉलर दिले गेलेत. हा पैसा चित्र ज्यानं काढलं त्याचा. अपलोड करताना 'हे काम माझं स्वतःचं आहे' हे आपणच मान्य करतो. तिथे मला खोटं बोलायचं नव्हतं.

"पंखाचं चित्र तू स्वतः नव्यानं काढ," मी म्हटलं, "नाहीतर माझं नाव काढून टाक."

त्यानं फोन ठेवला. मी अपलोड थांबवलं आणि शीटवरून तो पंख पुसला. जागा रिकामी, राखाडी.

चौथ्या दिवशी फाइल आली, सगळ्या लेयरसकट. कच्च्या रेघासुद्धा त्यानं ठेवल्या होत्या. पिसं आधीच्याइतकी सफाईदार नव्हती, एक तर चक्क जाड होतं. पण या वेळी जोडावर ती जुळवता आली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं ते जाड पीसच नीट करत बसलो.